कुंकवाखालचा नंबर

नुसता नंबर बघून रायफलीनं कुठंकुठं नोकरी केली ते मी सांगतो! तसा फौजेत मी लंगरात भाकऱ्याच भाजल्या म्हणा.

आमच्या गावच्या माजी सैनिकांच्या हॉलात एक जुनी रायफल आहे. महायुद्धातनं न परतलेल्या आपल्या बापाची समजून हौसाक्का दर खंडेनवमीला तिला कुंकू लावते. यंदा साताऱ्याच्या सैनिक बोर्डाकडनं बापाच्या नोकरीचा कागद आला, त्यात त्याच्या रायफलीचा नंबर होता. मी कुंकू पुसून बघितलं. जुळत नव्हता.

जन्मभर गावाला टोप्या घातल्या, पण हे खोटं बोलताना जीभ अडखळली.

“हीच हाय, आक्का.”

आक्का माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग पुसलेल्या जागी तिनं परत कुंकू लावलं.

“बरं. पर जिच्या बापाची ही हाय, तिला कुणी सांगितलं का रं?”