घाटमाथ्यावरचा दर्या

ऐका. कंदील जरा बारीक करा, डोळ्यावर येतोय. आन् त्या पिशव्या भरायच्या ठेवा बाजूला. जेवनं झाली की निघतो म्हनताय न्हवं? रातीचा गारवा असतोय, पोरं झोपत्यात, फाटंला समुद्रावर. बराबर हाय. हिंदुरावबी असंच म्हनला व्हता. त्येची गोष्ट सांगतो, मग निघा. मी काय आडवा येनार न्हाई.

मी घाटात मैलकुली व्हतो, ठावं हाय तुमास्नी. दरडीची दगडं सारायची, खड्डं बुजवायचं, गटारं काढायची. तेवीस वर्सं. घाटमाथ्यावरच्या चौकीत ऱ्हायचो, मी आन् एक म्हातारा मुकादम. तवाची ही गोष्ट.

हिंदुराव खालच्या खोऱ्यातला. वडापची जीप चालवायचा, गावोगावची मानसं भरून. उंचापुरा गडी, तोंडानं मोकळा, भीती म्हंजी काय ते म्हाईत न्हाई. बायको सुगंधा. ही तळकोकनातली, अगदी दर्याकाठची. लगीन होऊन वर आली ती नऊ वर्सं माहेरी गेली न्हाई. एका साली सासरा आजारी. एका साली म्हस व्यालेली. मग छबू झाली. "फुडल्या साली जाऊ," करत नऊ वर्सं गेली. उसाच्या फडात वारं शिरलं की बाई काम टाकून उभी ऱ्हायाची. तिला गाज वाटायची. गाज म्हंजी लाटांचा आवाज, लांबनं येतोय त्यो.

मग एका मे महिन्यात हिंदुरावच म्हनला, "चला. समद्यांनी जायाचं. आई, तू बी. जलमात दर्या बघितला न्हाईस, बघून घे."

चौघं निघाली. हिंदुराव, सुगंधा, म्हातारी बायजाबाई आन् सहा वर्सांची छबू. निघायचं व्हतं दुपारी. पन एक लग्नाचं वऱ्हाड सोडून यायला हिंदुरावाला अंधार पडला. बायजाबाई म्हनली, "लेकरा, सकाळी जाऊ." त्यो हसला. म्हनला, "रातीचं इंजन तापत न्हाई आये." झालं. सुगंधाला तर घाई व्हतीच. खोटं कशाला बोला, तिलाच जास्त घाई व्हती.

बारा वाजून गेल्यावर जीप घाटमाथ्यावर आली. चांदनं व्हतं. म्हातारी आन् छबू मागं झोपल्याली. आन् तितं, सडक फुटती बघा, जुनी लाकूडवाल्यांची वाट डावीकडं जाती... तितं एक मानूस बसलेला. उकिडवा. डोईवरनं घोंगडं. तोंड दिसंना.

हिंदुरावानं जीप हळू केली. त्यानं इचारायच्या आधीच त्यो मानूस बोलला. "दर्याला ना? ह्या डाव्या अंगानं जावा. हाकंवर हाय."

आता तुमीच सांगा. ती कुठं चालली ते त्येला कुनी सांगितलं?

सुगंधा म्हनली, "अवं, घाट उतरल्याबिगर दर्या कुठला? अजून तीन तासांची वाट हाय."

"तू नऊ वर्सांत आली न्हाईस. नवा रस्ता झाला असंल." आन् वळवली की जीप डावीकडं!

सुगंधानं मागं वळून बघितलं. घोंगडं तसंच बसलेलं. आन् तिच्या डोळ्यांदेखत, ऐका, ते घोंगडं हळूहळू खाली बसलं. आत कोनच न्हाई. रिकामं धोतर दोरीवरनं पडावं, तसं भुईवर सपाट झालं.

सांगावं का नको, सांगावं का नको... आन् तेवढ्यात गाज आली.

खरी गाज. धीमी. एक लाट फुटती, मागं जाती, दुसरी येती. नऊ वर्सांनी! बाईच्या डोळ्यांत पानी आलं. घोंगडं इसरली, समदं इसरली.

"बघ, म्हनलं न्हवतं?" हिंदुरावानं जीप थांबवली, दिवं मालवलं.

फुडं दर्या व्हता. कसा व्हता म्हनून इचारा! चांदन्यात चांदीवानी. पांढरी वाळू. लाटांचा फेस वाळूवर पसरतोय, इरतोय. लांब एका होडीवर दिवा. छबू जागी झाली, टाळ्या पिटाय लागली. हिंदुराव तर खुळाच झाला. चपला काढल्या, पोरीच्याबी काढल्या, नीट शेजारी शेजारी मांडल्या, देवळात जाताना मांडतो तशा. पोरीला खांद्यावर घेतली आन् निघाला.

सुगंधाबी उतरली. अनवानी. पाय वाळूत रुतला. गार. लाट आली, घोट्यावरनं गेली. ती वाकली. ल्हानपनी करायची तशी ओंजळ भरली, डोळ्याला लावली, व्हटाला लावली.

खारट न्हाई.

परत लावली. खारट न्हाई. गोडबी न्हाई. कायच न्हाई. तिनं हात बघितला. हात कोरडा! घोटा चाचपला. कोरडा! लुगड्याचा काठ कोरडा!

मग तिला एक एक दिसाय लागलं. वास न्हाई. मासळीचा न्हाई, शेवाळाचा न्हाई. वाळूत एक कुरली, म्हंजी खेकडा, पळंना. चांदन्या रातीला दर्याकाठी कुरल्या न्हाईत? आन् वारं तर पडल्यालंच व्हतं, तरी लाटा येतच हुत्या.

तिनं हाक मारली, "अवंऽ!" तोंड उघडलं, आवाज न्हाई. सपनात व्हतं न्हवं, तसं. हिंदुराव फुडंच चालला. गुडघाभर पान्यात. आन् त्येच्या फुडं, पान्यात, मानसं हुती! पाठमोरी. बायका, बापय, पोरं. दहा-पंधरा असतील. कमरंएवढ्या पान्यात उभी. एकबी तोंड फिरवंना. पाठमोऱ्यानंच हात हालवत्यात. या. या. या.

काय केलं आसंल तिनं? पाठनं धावली असती तर दोघं गेली असती. ती उलटी पळाली, जीपकडं. नवरा आन् लेक तिकडं चालल्याली, आन् आई उलट्या तोंडानं पळाली! काळीज केवढं लागतंय त्येला. दार उघडलं, हॉर्नवर दोन्ही हात दाबलं आन् दिव्याचं बटन वढलं.

भकदिशी उजेड पडला.

दर्या न्हाई. वाळू न्हाई. दहा हात वाळकं गवत, आन् मग काय न्हाई. उजेड जातोय आन् कशावरच पडत न्हाई. नुसती दरी. हजार हात खोल दरी, धुक्यानं भरल्याली. आन् गवत संपतंय तितं हिंदुराव, पोरगी खांद्यावर, एक पाय उचलल्याला.

हॉर्नचा आवाज त्येच्या कानात शिरला म्हनून त्यो थांबला. नुसता थांबला. पाय तसाच वर.

आता सुगंधाला गळा फुटला. "खाली बघू नगा! माझ्याकडं बघा. वळा. पाय मागं टाका. माझ्याकडंच बघा!"

त्यो वळला. उजेडात त्येचं तोंड पिठावानी पांढरं. दहा हात यायला त्येला किती येळ लागला म्हनता! आला, पोरीला तिच्या मांडीवर टाकली आन् चढून ष्टेरिंगवर बसला.

चावी फिरवली. इंजन घरघरलं, बंद. परत फिरवली, बंद. आन् दिवं पिवळं पडाय लागलं. पिवळं पडलं तशी दरीतनं गाज वर आली. मंगाच्यापरीस जवळ.

हॉर्ननं बायजाबाई जागी झाली व्हती. एका नजरंत म्हातारीला समजलं. म्हनली, "ताडपत्र्या खाली सोडा. समदी आत या. भाईरनं कोनबी हाक मारंल, माझ्या नावानं मारंल, तुमच्या नावानं मारंल. 'ओ' देयाची न्हाई."

ताडपत्र्या बांधल्या. दिवं इझलं. मिट्ट काळोख. सुगंधानं हॉर्न वाजवला, बॅटरीत जीव व्हता तवर. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा बारीक. मग त्योबी गेला.

पहिल्यांदा आवाज आला तिच्या बाचा. मरून चार वर्सं झालेला बा. ती मातीला जाऊ शकली न्हवती. "सुगंधे, आलीस बाय? माका न्यायाक ये." तिनं पदर तोंडात कोंबला.

मग हिंदुरावाचाच आवाज, भाईरनं. "दार उघड, मी भाईर ऱ्हायलो." हिंदुराव आत तिच्या खांद्याला खांदा लावून बसलेला!

आन् मग आवाज आला, अगदी चाकापाशी. "आई."

छबूचा.

"आई, मला घ्यायची ऱ्हायलीस गं. मी हितं हाय. मला थंडी वाजती."

सुगंधानं मांडीवर हात टाकला. मांडीवर पोरगी व्हती की! पदरात तोंड खुपसलेली. पन गार. दगडावानी गार. तिनं हळूच हालवलं. "छबू, बोल बाई." पोरगी बोलंना. हलंना. भाईर तर हुंदकं देऊन रडतीया. "आई, ती मानसं आली गं. मला वढत्यात."

बघा इचार करून. अंधार असला की सवताचा हात दिसंना. त्या कडंवरनं हिंदुरावानं खांद्यावर आनली ती कोन? आन् कडंवर ऱ्हायली ती कोन?

हिंदुरावाचा हात ताडपत्रीच्या बंदाला गेला. म्हातारीनं मनगट धरलं. "सोड."

"आये, माझी पोर हाय ती!"

"सोड म्हनते."

"खरी कुठली गं? सांग की, खरी कुठली?"

म्हातारीला तरी कुठं ठावं व्हतं! सुगंधाच्या जिवाचं दोन तुकडं झालं. एक बंद सुटला. वरचा. गार वारं आत आलं, आन् त्येच्याबरूबर बोटं आली. ल्हान बोटं, ताडपत्रीच्या फटीतनं, चाचपत.

तेवढ्यात सुगंधाची मांडी गरम झाली.

हासू नगा रं. ऐका. गरम झाली, भिजली, लुगडं भिजून खाली ठिबाकलं. त्या समद्या रातीत तिच्या अंगाला काय भिजल्यालं लागलं असंल, तर ते हेच.

"आत्ती," ती वरडली, "आत्ती, हिनं मुतलं!" रडती का हासती, तिचं तिलाच कळंना. "माझीच हाय! माझीच हाय ही!"

"मग बांध बंद!" म्हातारी गरजली. "भुताला कुठनं आलंय मुतायचं!"

हिंदुरावानं बंद आवळला. आन् मग काय इचारता! जीपच्या चारी अंगानं नखं वाजाय लागली. वरनं, खालनं, पत्र्यावर. जीप पाळण्यावानी हालली. समदे आवाज एकदम, बा, नवरा, लेक, सासू, आन् त्येच्या मागं ती गाज, ती गाज, ती गाज. चौघांनी एकमेकांला मिठ्या मारल्या. म्हातारी एकसारखी बोलत व्हती, कायबी, शेताचं, म्हशीचं, छबूच्या बारशाचं. भाईरचं ऐकू नये म्हनून. रानकोंबडा आरवंस्तवर तिचं तोंड थांबलं न्हाई.

उजाडल्यावर मी तितं गेलो. फुडचं चाक कडंपासनं दोन हातांवर. रातीला दहा हात लांब हुतं म्हनं, आन् जीप गिअरात, म्हंजी आपनहून सरकायची न्हाई. आन् कडंला गवतात चपला. हिंदुरावाच्या, छबूच्या. त्येंच्या शेजारी एका वळीनं आनखी. जुन्या. कातडं कुजल्यालं, वाळवीनं खाल्ल्यालं. बायकांच्याबी हुत्या. एक जोडी तर माझ्या बोटाएवढी. समद्या नीट मांडल्याल्या, टाचा आपल्याकडं, बोटं दरीकडं.

हिंदुरावानं सवताच्या चपलांना हात लावला न्हाई. मी आन् मुकादमानं जीप मागं सडकंवर घेतली, ढकलून चालू करून दिली. ती चौघं घाट उतरून सुगंधाच्या माहेरी पोचली. सुगंधा आईच्या गळ्यात पडून दोन दिस रडली. म्हातारीनं दर्याला व्हटी वाहिली. हिंदुराव मातर आठ दिस दर्याकडं पाठ करून बसायचा, लेक पान्यात शिरू म्हनली की वरडायचा.

एक ऱ्हायलं. जीप ढकलताना सुगंधानं मला इचारलं, "दादा, तुमची चौकी हितंच की. मी हॉर्न वाजवला. तुमास्नी आयकू आला न्हाई?"

मी म्हनलं, "न्हाई बा. झोप लागली व्हती."

आयकू आला व्हता. पहिला लांबलचक, आन् मागनं तिन्ही बार. मी उठलो व्हतो, काठी घेतली व्हती. मुकादमानं दाराला पाठ लावली. म्हनला, "ह्या वाटंवर हॉर्न सारखाच वाजतोय. तू यायच्या आदल्या साली वाजला तवा दोघं गेली बघाया, आली न्हाईत." मी काठी ठेवली. शेवटचा हॉर्न बारीक झाला, तरी बसून ऱ्हायलो. चाळीस वर्सं झाली. अजून त्यो बारीक आवाज कानात हाय.

तवा निघायचं तर निघा, पन उजाडल्यावर. आन् घाटमाथ्यावर ती डावी वाट, तिच्यात चाक घालू नगा. दिवसा न्हाई, राती न्हाई, कुनी देवमानसानं सांगितलं तरी न्हाई. दर्या खाली हाय, घाट उतरून. त्यो वर मानसाकडं चालत येत न्हाई. गाज आली तर काचा वर करा, पोरांचं हात धरा आन् सरळ जावा.

आन् कुठं हॉर्न वाजला तर... काय सांगू तुमाला? ते तुमचं तुमी ठरवा. मला अजून ठरवता आलं न्हाई.