भरमाच्या खात्यातली सहल

…आता चूक कुणाची म्हणायची, सांगा की तुम्ही. बँकेची न्हाई, पोरीची न्हाई, तिच्या बापाची तर न्हाईच न्हाई, आणि आठ हजार दोनशे रुपये मात्र गेलं. चोरी झाली असती तर चौकीत जाऊन बसता आलं असतं. इथं चोरच न्हाई, तर कुणाच्या नावानं बसायचं? तुम्हाला सांगतो, फोनातनं पैसं पाठवायचं निघाल्यापासनं माणसाला खिशात हात घालून पैसं हाईत का गेलं एवढंबी कळंना झालंय. आणि कुणाला विचारावं तर वर म्हणतात काय, पैसं कुठं जात्यात, फोनातच हाईत की!

ह्ये वाक्य मूळ युवराजचं. युवराज म्हंजे निपाणीचा पोरगा, हॉस्टेलात राहतो, कॉलेजातल्या भटकंती मंडळाचा अध्यक्ष. आणि जिच्या डोक्यावर ह्ये सगळं पडलं ती स्वरूपा आमच्या वडगावातली, आमच्याच गल्लीतली, भरमा विणकराची थोरली. भरमाचं दोन माग, घराच्या पुढल्या खोलीतच, त्यातला एक बँकेचं कर्ज काढून घेतलेला. दिवसभर ते खटखट खटखट चाललेलं असतंय, त्या आवाजात अभ्यास करून पोरगी बी.कॉमच्या दुसऱ्या वर्षापर्यंत पोचली, म्हंजे बघा.

तर मंडळाची मीटिंग झाली. जांबोटीला एका दिवसाची सहल ठरली, रविवारी, माणशी तीनशे, चाळीसजण. युवराज म्हणाला, "ह्या वर्षी वही न्हाई, पावती न्हाई, डबा न्हाई. सगळं फोनवर. खजिनदार कोण हुणार?" खजिनदार म्हटल्यावर चाळीसजण एकदम खाली बघाय लागलं, जसं काय कुणाचं तरी नाणं पडलंय तिथं. शेवटाला नीलमनं, म्हंजे हिच्याच मैत्रिणीनं, हिचा हात धरून वर केला. "ही कॉमर्सची हाय, आणि हिच्या फोनचं चार्जिंग कधी संपत न्हाई." झालं, एवढ्या पात्रतेवर निवड झाली. स्वरूपा म्हणाली, "मी करतो, पण पैशाचं काय इकडंतिकडं झालं तर?" आणि तवाच युवराज ते म्हणाला, "पैसं कुठं जात्यात गं, फोनातच हाईत की."

आता फोन कुणाचा, नंबर कुणाचा आणि खातं कुणाचं, ह्ये तीन प्रश्न कुणी इचारलंच न्हाईत. फोन पोरीच्या हातात, नंबर बापाच्या नावावर, आणि त्या नंबराला जोडलेलं खातंबी बापाचं. लाईट बिल भरायला म्हणून कवातरी जोडलेलं. भरमाच्या स्वतःकडं बटणाचा फोन, त्यात ह्यातलं काय चालत न्हाई. पोरीचं स्वतःचं खातं हाय, न्हाई असं न्हाई, शाळेत स्कॉलरशिपसाठी काढलेलं, पण त्याला जुना नंबर, तो बदलायला बँकेत गेली तर आधार आणा, आधार नेलं तर फॉर्म आणा, फॉर्म नेला तर म्हणाले सोमवारी या, आणि तो सोमवार काय आजून उजाडला न्हाई. म्हणून तिनं बापाच्याच खात्याचा तो चौकटी-चौकटीचा कोड झेरॉक्सवाल्याकडनं छापून घेतला, प्लास्टिकात घालून कॅन्टीनच्या भिंतीला चिकटवला, आणि पोरं फोन रोखून उभारली. फोनात नाव आलं, भरमा.

"ह्यो भरमा कोण?"

"आमचं आप्पा."

"मग आप्पाबी येणार काय सहलीला?"

असं प्रत्येकजण एकेकदा इचारणार, चाळीस वेळा उत्तर द्यायचं. मग पैसं पाठवलं की त्या पाठवल्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा, त्यावर हिरवी टिकली, खाली स्वरूपानं हात जोडल्याचं चित्र टाकून 'मिळाले' म्हणायचं. आठ दिवसात चाळीस फोटो आलं, तिनं मोजलं, चाळीस. खातं उघडून काय बघितलं न्हाई. का, तर खातं उघडलं की आप्पाची शिल्लक दिसती, ती हुती एकशेबारा रुपये ह्ये मागनं कळलं, आणि बापानं आपल्याला कधी न सांगितलेली गोष्ट अशी चोरून बघायला तिला नको वाटायचं. आता ह्याला चूक म्हणा न्हाईतर संस्कार म्हणा.

इकडं शुक्रवार आला, पाच तारीख. मागाच्या कर्जाचा हप्ता, आठ हजार दोनशे. भरमाकडं जमलं हुतं सहा हजार. सकाळी अंगावर धुतलेला शर्ट घालून, सहा हजार रुमालात गुंडाळून बँकेत गेला, साहेबाला आठ दिवस मुदत मागायला. वाटेत चारदा तेच तेच म्हणून बघितलं, साहेब, सीझन न्हाई, साहेब, व्यापाऱ्याकडं मजुरी अडकलीय. काऊंटरवर गेला, तोंड उघडलं, तर त्या माणसानं कॉम्प्युटरकडं बघितलं आणि कानडीत म्हणाला, "कट आगेत्री, मनीगे होग्री." म्हंजे कापून घेतलाय हप्ता, घरला जावा. भरमा म्हणाला, कुणी भरला? त्यो म्हणाला, नेक्स्ट.

भरमा बाहेर पायरीवर बसला. कुणी भरला असंल? डोस्कं चालवून चालवून एकच नाव आलं, विक्रम. विक्रम म्हंजे बायकोचा भाऊ, मच्छ्याला कारखान्यात कामाला, बरा पगार. भरमानं तिथनंच फोन लावला. "विक्रम, लई उपकार झालं बाबा. हप्ता भरलास ते." आता पलीकडं विक्रमला ह्यातलं ओ का ठो म्हाईत न्हाई. पण माणसाला सकाळी सकाळी कुणी उपकार झालं म्हटलं तर त्यानं न्हाई कशाला म्हणायचं? तो म्हणाला, "असू दे दाजी, एवढं काय त्यात. आपलीच माणसं."

भरमानं येताना पाव किलो कुंदा आणला, आमच्याकडची ती खव्याची मिठाई. लई महिन्यांनी घरात कुंदा आल्ता. सहा हजारातनं वाण्याची उधारी भागवली असती आज, पण म्हणाला, राहू दे, दोन दिवस घरात पैसं असल्यासारखं वाटू दे. पोरगी दुपारी कॉलेजातनं आली, हातावर कुंदा ठेवला, "खा, मामानं हप्ता भरला." तिनं खाल्ला, म्हणाली, मामा बरा हाय आपला.

एवढ्यात फोन वाजला. आण्णाप्पा, सांबऱ्याचा, त्याची बस ठरवलेली. "ताई, रविवार तोंडावर आला, भाड्याचं सात हजार टाका की." स्वरूपा म्हणाली, आत्ता टाकतो. टाकलं, जाईनात. परत टाकलं, जाईनात. फोन म्हणतोय, खात्यात पुरेशी शिल्लक न्हाई. हिला वाटलं रेंज न्हाई. गच्चीवर गेली. गच्चीवर रेंज भरपूर, शिल्लक तेवढीच. तवा तिनं पहिल्यांदा खातं उघडून बघितलं. एक हजार पाचशे तेरा. आणि वर एक ओळ, पाच तारीख, कर्जाचा हप्ता, आठ हजार दोनशे वजा.

तुम्हाला सांगतो, ती पोरगी गच्चीवर किती वेळ उभारली तिचं तिलाच म्हाईत न्हाई. तोंडात आजून कुंद्याची चव. मैत्रिणीला फोन केला तर नीलम म्हणाली, "घाबरू नको गं, सर्वरचं काय तरी असंल, पैसं कुठं जात्यात, फोनातच हाईत की." मग तिनं ग्रुपवर लिहाय घेतलं, 'तांत्रिक अडचणीमुळे पेमेंट अडकले आहे'. लिहिलं आणि पुसलं. परत लिहिलं, परत पुसलं. कारण तांत्रिक अडचण आज खपती, उद्याबी खपती, रविवारी सकाळी बसच्या दारात काय सांगायचं? आणि दुसरं म्हंजे, खाली माग चालू हुता, आणि आज भरमा मागाच्या तालावर कायतरी गुणगुणत हुता. त्याला सांगायचं कसं?

खाली आली. म्हणाली, "आप्पा, माग बंद करा जरा."

भरमानं बंद केला. आता आमच्या गल्लीत एक माग थांबला तर शेजारच्याला कळत न्हाई, पण त्या खोलीत लई शांत झालं. तिनं सांगितलं. कोड, चाळीसजण, तीनशे रुपये, खातं, सगळं. भरमाला आर्धं समजलं न्हाई, पण जे समजायचं ते समजलं. तो म्हणाला, "म्हंजे माझा हप्ता तुझ्या कॉलेजच्या पोरांनी भरला."

"मुद्दाम न्हाई, आप्पा."

"ते कळलं गं." भरमा मागावरचं सूत सारखं करत म्हणाला, "हप्ता चुकला असंल माझा, दोनदा चुकलाय. पण दुसऱ्याच्या पैशानं कधी भरला न्हवता."

मग उठला, रुमालातलं सहा हजार काढलं. कुंद्याचं पैसं बायकोनं डब्यातनं काढून त्यात घातलं. कमी पडलं बावीसशे. भरमानं परत विक्रमला फोन लावला, आणि खरं काय झालं ते सांगितलं. सकाळी उपकार करून बसलेला माणूस दुपारी कुठल्या तोंडानं न्हाई म्हणणार? संध्याकाळी मच्छ्याहनं आला, बावीसशे दिलं, चहाबी घेतला न्हाई. जाताना एवढंच म्हणाला, "दाजी, इथनं पुढं आभार मानायच्या आदी एकदा इचारत जावा."

शनिवारी कॅन्टीनमध्ये सगळी जमली. स्वरूपा म्हणाली हुती, तुम्ही येऊ नका आप्पा, मी सांगतो. पण भरमा आला, तोच धुतलेला शर्ट घालून. पोरीनं उभारून सगळं सांगितलं, एक शब्द लपवला न्हाई. भरमानं आठ हजार दोनशे टेबलावर ठेवलं. तर युवराज काय म्हणावा? "काका, रोख चालत न्हाई आता. तो भिंतीवरचा कोड हाय न्हवं, त्याच्यावर टाका."

भरमा म्हणाला, "पोरा, त्यो कोड माझाच हाय. मी मलाच पैसं पाठवू?"

पोरं हसली. युवराजला ते बरं वाटलं न्हाई. त्यानं फोनात आकडेमोड केली आणि म्हणाला, "असू दे. आठ हजार दोनशे ह्ये, आणि खात्यात मंडळाचं राहिलं चौदाशे एक. नऊ हजार सहाशे एक झालं. आमचं बारा हजार हुतं. वरचं तेवीसशे नव्याण्णव कुठं हाईत?" आणि त्यानं भरमाकडं बघितलं. तसं बघायला नको हुतं. भरमाची मान खाली गेली. पोरीनं ते बघितलं.

तिनं पिशवीतनं कागद काढला. सकाळी झेरॉक्सवाल्याकडं जाऊन खात्याचा पूर्ण उतारा छापून आणला हुता, रात्रीच जुळवून बसल्ती. म्हणाली, "फोटो चाळीस आलं, पैसं बत्तीस जणांचं आलं. ज्यांचं आलं त्यांची नावं वाचतो." आणि वाचली, सावकाश, एकेक. आठजणांची नावं आलीच न्हाईत. कुणाचं पैसं मध्येच अडकून परत गेल्तं, कुणी दुसऱ्याचाच फोटो टाकल्ता, कुणाला वाटलं हुतं गेलं असतील. सगळी एकमेकाकडं बघाय लागली. तेवढ्यात भरमा म्हणाला, अगदी सरळ मनानं, कारण त्याला आपलं कोडं सुटत न्हवतं, "बत्तीसजणांचं तीनशेनं नऊ हजार सहाशे. मग ह्यो वरचा एक रुपाया कुणाचा गा?"

स्वरूपानं कागदावर बघितलं. "युवराजचा."

युवराज म्हणाला, "ती टेस्ट हुती. नंबर बरोबर हाय का बघायला पाठवल्ता एक रुपाया. मग तीनशे पाठवायचं ऱ्हायलं वाटतं." आणि फोटो टाकला हुता, हिरव्या टिकलीसकट. भरमानं वरच्या खिशातनं रुपायाचं नाणं काढलं, टेबलावर त्याच्यापुढं ठेवलं, म्हणाला, "ह्ये परत घे. हिशेबाला राऊंड बरा." त्यात टोमणा न्हवता, तुम्हाला सांगतो, विणकराला एक धागा जास्त झाला तरी खुपतो. कुणीतरी मागनं म्हणालं, पैसं कुठं जात्यात, फोनातच हाईत की, आणि युवराजच्या फोनातनं मग तीनशे निघालं. बाकीच्या सातजणांचंबी निघालं, रोख, खिशाखिशातनं.

रविवारी सहल गेली. आण्णाप्पाला सात हजार रोख मिळालं तसा तो म्हणाला, बरं झालं, डिझेलवाल्याचं मशीन बंद पडलंय. जांबोटीला खाणावळवाल्या मालुबाईनं चाळीसजणांचं जेवण केल्तं, चुलीवरच्या भाकऱ्या आणि वरण, आणि तिथं रेंजच न्हाई, कुणाचाच फोन चालंना. स्वरूपानं नोटा मोजून दिल्या तशी मालुबाई म्हणाली, "मागच्या खेपेला एक ग्रुप आल्ता बाई, पैसं पाठवाय रेंज शोधत डोंगरावर गेला, त्यो परत आला न्हाई."

सोमवारी मंडळानं ठरवलं, आता मंडळाच्या नावानंच खातं काढायचं. बँकेत गेली तर ठराव पाहिजे, तिघांच्या सह्या पाहिजेत, प्रिन्सिपलचं पत्र पाहिजे, पत्रावर शिक्का पाहिजे, शिक्का ज्या कपाटात ते कपाट ज्या क्लार्ककडं तो रजेवर. तवर पैसं ठेवायचं कुणाकडं? सगळी परत खाली बघाय लागली. नीलम म्हणाली, "एकच माणूस हाय बघा, ज्यानं आलेलं पैसं परत आणून दिलं." आणि चाळीस हात वर झालं. युवराजचाबी.

तर आता आमच्या वडगावात, चौथी शिकलेला भरमा कॉलेजच्या मंडळाचा खजिनदार हाय. मागाशेजारी एक डबा, एक वही. पोरं येतात, पैसं देतात, सही करतात, त्याशिवाय भरमा पाण्याचा तांब्याबी पुढं करत न्हाई.

परवा सकाळी स्वरूपाला उशीर झाल्ता. मागाजवळ जाऊन म्हणाली, "आप्पा, वीस रुपये द्या की, बसला."

भरमानं धाग्यावरची नजर काढली न्हाई. "कुठल्या डब्यातनं?"

"घरच्या."

"घरच्यात काय न्हाई. मंडळाच्यात हाईत साडेचार हजार, पण ती आपली न्हवंत."

पोरगी चालत गेली.