हजेरीतली दीपमाला

...अन् वरून कॉलेजातले प्राचार्य साहेब मलेच म्हंते, "आजी, खोली एकदम सुरक्षित आहे!" आता तुमाले सांगते, सुरक्षित म्हंजे कशी, तं दाराले लोखंडी जाळी, जाळीले कुलूप, कुलपाची चाबी प्राचार्य साहेबांच्या ड्रॉवरात, वर कॅमेरा, खाली काठी घेऊन रामलाल वॉचमन, अन् त्याच्या म्होरं रजिस्टर... नाव लिहा, वर्ग लिहा, 'येण्याचे कारण' लिहा! अवो, ज्या लेकरायले जगाच्या नजरेतून सुटून दोन घडी मोकळं बसाचं हाये, त्यायनं आधी रामलालले कारण सांगाचं? अन् रामलाल म्हंजे असा, का त्याच्यासमोर सकाळी शिंकलं तं दुपारपर्यंत आख्ख्या पुसदले माहीत, का इले सर्दी झाली! दारावर पाटी हाये, 'एलजीबीटीक्यू विद्यार्थ्यांसाठी सुरक्षित कक्ष', ते बी त्यानंच वाचून दाखवली. म्हनलं, किती लेकरं येते रे इथं? म्हंते, "उद्घाटनापासून एक बी नाई आजी. म्हनून तं सुरक्षित हाये!"

पन मले काय समजते, मी शाळेत गेली नाई.

मी तिथं गेलती माया नातीसाठी. कागदावर तिचं नाव रवी, पन ते हाये दीपमाला. दोन वर्सं झाले, मी मिरच्या निवडून राह्यलती, तं बाजूले येऊन बसली अन् म्हने, "आजी, मी पोरगी हाव." आता काय म्हनाव? म्हनलं, बरं. पन माया साड्यायले हात लावजो नको, चांगल्या दोनच हायेत. झालं, घरातलं तं निपटलं. कॉलेजातलं निपटते का? सर हजेरी घेते, "रवी!" हे गप. "रवी आला का?" हे समोर बसून हाये, सर पाहून राह्यला, हे सरकडे पाहून राह्यली, पन तोंडातून 'येस सर' निघत नाई. निघन कसं? त्या नावाचं तिथं कोनी बसलंच नाई! लागली गैरहजेरी. रोज वर्गात बसून रोज गैरहजर... असा चमत्कार पाह्यला का तुमी कुठं? अन् पंच्याहत्तर टक्के भरले नाई तं परीक्षेले बसू देत नाई म्हंते! पोट्टी म्हने, "आजी, मी कॉलेज सोडते." म्हनलं, थांब. चप्पल घालू दे मले.

तं साहेब म्हने, "आजी, आम्ही एवढी खोली केली..." म्हनलं, खोली राहू द्या साहेब, वर्गात नावानं हाक मारा. "तसं नियमात बसत नाही हो! नाव बदलायचं म्हणजे गॅझेट लागतं, प्रतिज्ञापत्र लागतं, आधार कार्ड..."

म्हनलं साहेब, मायं माहेरचं नाव उकंडी. मायचे माया आधीचे लेकरं जगले नाई, म्हनून मायनं मले उकिरड्यावर ठेवून उचललं, अन् नाव ठेवलं उकंडी. सतरा वर्सं मी उकंडी. अन् लग्नाच्या दिवशी मांडवात आत्यासासूबाई म्हने, "आजपासून हे सत्यभामा!" झालं! ना गॅझेट, ना फोटो, मले तं कोनी इचारलं बी नाई. दुसऱ्या दिवशी आख्खं गाव सत्यभामा, सत्यभामा! एक मानूस चुकला नाई. मले न इचारता चारशे मानसायले एका रात्रीत जमलं, अन् हे पोट्टी सोताच्या तोंडानं मांगून राह्यली, तं एका शिकलेल्या सरले काहून जमत नाई बाप्पा? म्हंजे मले काय समजते, मी शाळेत गेली नाई...

साहेबानं चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. मंग हळूच म्हने, "तुमचं मूळ नाव काय म्हणालात?" म्हनलं, ते आता कोनी घेत नाई. तुमी बी नका घेऊ.

दुसऱ्या दिवशी हजेरीच्या वहीत 'दीपमाला' लागलं. पेनानं नाई वो, पेन्सिलीनं! साहेब मोठा हुशार, उद्या कोनी ओरडलं तं खोडता आलं पायजे. सर म्हंजे आधी खाकरला, पानी पेला, पंख्याकडे पाह्यलं, मंग म्हने, "दी... दीपमाला." तं पोट्टीनं असा 'येस सर' हानला, का बाजूच्या वर्गातले दोघं उठून उभे राह्यले! मांगचे पोट्टे फिदीफिदी हसले, तं तिच्या मैत्रिणीनं मान वळवून पाह्यलं फक्त. तेवढं पुरलं. टक्के भरले, परीक्षा झाली, पास बी झाली. अन् त्या सुरक्षित खोलीत आता तुटके बाक ठेवते... एकदम सुरक्षित हायेत.

आता तुमी म्हनान, मंग म्हातारे, रडून कायले राह्यली? तं आयका. परवा मोबाईल वाजला. शेजारच्या बसंतीबाईले म्हनलं, वाच वो. तिनं वाचलं, 'आपली पाल्य दीपमाला सलग चार दिवस वर्गात गैरहजर आहे.' चार दिवस! अन् होती कुठं, तं कँटीनमधी, मैत्रिणीयसंग समोसे खात! पोट्टीले म्हनलं, काय वो, ह्याच्यासाठी भांडली का मी साहेबासंग? तं म्हंते कशी, "आजी, सगळेच दांड्या मारते नं!"

असं झापाव वाटलं, असं झापाव... पन कॉलेजातून तिच्या खऱ्या नावानं पैल्यांदा काई आलं, तं ते बी तक्रार! बसंतीबाईले म्हनलं, झापते मंग तिले. तू ते आधी अजून एकदा वाच.