खालचा माणूस

नाही, खाली नाही ठेवायचं. मी सांगेपर्यंत धरून ठेव. हात भरून आले? येऊ देत. कपाट रिकामंच आहे, आत तुझी सासू बसलेली नाही. आणि मालकानं पाठवलं म्हणजे लगेच तू आमच्यातला झालास असं समजू नकोस — मालक तिकडे काचेमागे बसतो, त्याला माणूस म्हणजे दोन हात आणि एक बनियन. सामान हलवणाऱ्यांत माणूस बघायची रीत वेगळी असते. ही रीत माझ्या दादाची. नवा कुणी आला की दादा त्याला असंच कपाटाचं एक टोक उचलून धरायला लावायचा आणि समोर बसून गप्पा मारायचा. घरी कोण कोण, आधी काय करत होतास, चहात साखर किती — आणि बोलता बोलता बघत राहायचा. 'कधी ठेवू' असं जो विचारेल, त्याला पट्टे बांधायचं काम. ज्याची नजर आपोआप भिंतीकडे, कोपऱ्याकडे जाईल, तो वरच्या टोकाला. आणि जो विचारतही नाही आणि ठेवतही नाही, तो खाली. कारण जिन्यावरून उतरवताना सगळं वजन खालच्याच्या छातीवर येतं, आणि तो चालतो उलटा, पायरी न बघता.

तो दाराशी तोंड पाडून बसलाय ना, तो मामा. सख्खा नाही, सगळे म्हणतात म्हणून मामा. पट्टे तो बांधतो. पलीकडचा लंबू, तो वर असतो — उंच आहे, भिंत-कोपरा वरूनच दिसतो, आणि डोक्याला छत लागलं तरी आत बिघडण्यासारखं काही नाही. हसू नकोस, हात हलतात. दादानं एकेकाला असं नेमून ठेवलं होतं. खाली स्वतः. मलाही धरायला लावलं होतं कपाट. मी दिलं आपटून. म्हटलं, हे कसलं खूळ. दादा सगळ्यांसमोर म्हणाला, ह्याच्या हातात काही टिकायचं नाही, ह्याचं तोंड कामाला लावू. सगळे खिदळले. सख्खा भाऊ, आणि माझ्या वाटणीला तोंड. तेव्हापासून मी आवाज देतो. डावा पाय टाक. आता वळण. जरा तिरकं घे. घरात त्यानं माझा एक शब्द कधी ऐकला नाही, पण जिन्यावर मी सांगेन तिथेच त्याचा पाय पडायचा. डोळे मिटून उतरला असता.

मग ती तिजोरी आली. एका कचेरीतली, तिसऱ्या मजल्यावरची, जुनी, लोखंडी. रिकामी. नंतर उघडली तेव्हा आत पुसायचं एक फडकं होतं, बाकी काही नाही. मधल्या जिन्यात पट्टा निसटला — मामानं बांधलेला. मामा तेव्हापासून नीट जेवत नाही म्हणतात. नाही तर नाही. लंबूनं वर हात सोडले आणि कठड्याला चिकटला. बरोबर केलं त्यानं, सोडणारा वाचतो. मी ओरडलो, दादा, सोड. त्याच्या डाव्या हाताला एक दार उघडं होतं, एक पाऊल टाकायचं होतं बाजूला, एकच. इतकी वर्षं माझ्या प्रत्येक हाकेवर पाऊल टाकणारा माणूस — आणि ही हाक त्याला ऐकू आली नाही? आली. मान हलवली त्यानं. नाही म्हणून हलवली. आणि छाती लावून उभा राहिला तिजोरीला. मग गुडघा गेला, मग तो आणि तिजोरी दोघं भिंतीवर आले आणि तिथेच अडकले.

मी? मी कुठे असणार, आवाज देणारा असतो तिथे. वळणावर, दादाच्या पाठीमागे, दोन पायऱ्या खाली. नाही, मला नाही लागलं. खरचटलंसुद्धा नाही. तुला कशाला चौकशा, तू कपाट सांभाळ.

वहिनी रोज विचारते, तो हटला का नाही. एकदा दिलं सांगून, तोंडावर सांगितलं — तुझ्यापेक्षा त्याला ती रिकामी तिजोरी प्यारी होती. तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून बसते. बसू दे. खोटं का बोलू? धरायचा स्वभाव, म्हणून खाली उभा राहिला, आणि त्याच स्वभावानं गेला. सगळे म्हणायचे, काय माणूस जोखतो हा, एकेकाला बघून बरोबर जागेवर ठेवतो. स्वतःला बरोबर ठेवलं ना.

म्हणून आता रीत माझी. खाली सोडणारा माणूस पाहिजे. धरणारा नको मला. मालक म्हणतो तुझं डोकं फिरलंय, खालचा माणूस सोडायला लागला तर धंदा बुडेल. बुडू दे. तर आता ऐक, मी आवाज देतो — सोड. आपटू दे कपाट, मालकाचं आहे. सोड ना. ओठ पांढरे पडलेत तुझे, कोपरं थरथरतायत, शाबासकी कुणाकडून हवीय? देणारा गेला. बायको पोटुशी आहे म्हणालास. मग तिच्या दाराशी निरोप घेऊन कोण जाणार? मी एकीला सांगितलंय, दुसरीला सांगायला मी जाणार नाही. सोड रे. अरे दगडा, तिसऱ्यांदा सांगतोय. सोडत का नाहीस?

काय?

मोठ्यानं बोल.

कुणाचा पाय?

माझा… खाली माझा पाय आहे, म्हणून?

म्हणून धरून होतास.

थांब. काढतो. काढला. ठेव आता, हळू ठेव.

जा तू. मालकाला काय सांगायचं ते सांग. उद्या येऊ नकोस, परवाही नको, आणि असा बघू नकोस माझ्याकडे — मामा, ह्याला फाटकापर्यंत सोडून ये. जा म्हटलं ना.