अकरावं दार

(मधली सुट्टी. शिक्षकांची खोली. बहीण वह्या तपासते आहे. धाकटा भाऊ, हातात हत्यारांची पेटी, दारातच उभा.)

ताई : ये, बस. किती दारं उघडलीस आज देशासाठी?

कुलूपवाला : अकरा. बेकरीमागची सगळी गल्ली. हळू बोल ना.

ताई : हळू कशाला? गावात एवढे कुलूपवाले, पण उपऱ्यांची घरं उघडायला आमच्या धाकट्यालाच बोलावणं आलं. पेढे वाटायला हवेत.

कुलूपवाला : दहा घरांना बाहेरून कुलूप होतं. नीट लावलेलं. किल्ल्या बरोबर नेल्यात त्यांनी.

ताई : नेणारच. सीमेपलीकडे सोडतो, वातावरण निवळलं की परत या, असं सांगितलं होतं ना त्यांना.

कुलूपवाला : सीमा इथून दिवसभराच्या वाटेवर आहे. ट्रक तासाभरात रिकामे परत येतात.

ताई : वा. रस्ते सुधारले म्हणायचे.

कुलूपवाला : खाणीकडे जातात, ताई. एक ड्रायव्हरच बोलला. तिथे लांबच लांब खड्डे खणलेत, चुन्याची पोती उतरवलीत म्हणे.

ताई : मला नको सांगूस. मला आठवीच्या वह्या संपवायच्यात.

कुलूपवाला : अकराव्या दाराला कुलूप नव्हतं. आतून कडी होती.

ताई : कोणाचं घर?

कुलूपवाला : घड्याळजींचं.

ताई : ते तर परवाच गेले. बायको, मुलगा, सून, सगळेच.

कुलूपवाला : त्यांची आई राहिली होती. अधिकाऱ्याने विचारलं, दार का उघडत नाही? मी म्हटलं, लाकूड फुगलंय. तो म्हणाला, तुला कशाला आणलंय मग?

ताई : आणि तू म्हणालास, हत्यार मोडलं.

कुलूपवाला : नाही.

ताई : जमत नाही म्हणालास.

कुलूपवाला : फटीतून पट्टी घातली, कडी वर उचलली. पहिल्याच झटक्यात.

ताई : कारागिरीला तोड नाही हो.

कुलूपवाला : म्हातारी चपला घालून खुर्चीत बसली होती. मांडीवर पिशवी. मला बघून म्हणाली, तू होय, बरं झालं, मला वाटलं कोणी परका आला. माझाच हात धरून पायऱ्या उतरली, ट्रकपर्यंत.

ताई : आपली आई अंथरुणाला खिळली होती, तेव्हा चार महिने हीच बाई तिच्या उशाशी बसायची. तेव्हा तिचं नाक मोजायचं राहूनच गेलं आपलं.

कुलूपवाला : तू मोजलीस की डोकी. भर वर्गात, दोरा घेऊन.

ताई : धडाच होता तसा, ‘आपला वंश, आपली माती’. प्रात्यक्षिकाला दहा गुण. पहिल्या वर्षी नुसतं गाणं होतं, उभं राहून म्हणायचं. छान म्हणायची पोरं. त्यांचीही.

कुलूपवाला : आणि मापात न बसणाऱ्यांची यादी?

ताई : मुख्याध्यापकांनी मागितली. अक्षर माझं बरं, म्हणून माझ्याकडे आली.

कुलूपवाला : आज तोच कागद होता अधिकाऱ्याच्या हातात. पोराचं नाव, बापाचं नाव, घर. लगेच ओळखलं मी. अक्षर खरंच सुंदर आहे तुझं.

ताई : टोमणे मारणं माझं काम आहे. तू नको शिकूस.

कुलूपवाला : त्या गल्लीतली सहा पोरं तुझ्या वर्गात होती ना?

ताई : नऊ. हजेरी मीच घेते.

कुलूपवाला : दुपारी नदीकडची गल्ली आहे.

ताई : नाही म्हणता येणार नाही?

कुलूपवाला : तुला आलं होतं?

ताई : माझा डबा उघड. दोन घास खाऊन जा, रिकाम्या पोटी हात थरथरतो.

कुलूपवाला : सकाळी रिकाम्या पोटीच गेलो होतो, ताई. थरथरला नाही. तेच सांगायला आलो होतो तुला.