दाराच्या जागी रचलेली भिंत

आदरणीय अध्यक्ष काळुरामजी, व्यासपीठावरील मान्यवर, आज आपली कचेरी बंद करून निवृत्त होणाऱ्या आर्किटेक्ट वासंतीताई टिपणीस, आणि नौपाड्याच्या या उकाड्यात दाटीवाटीने बसलेल्या बंधुभगिनींनो,

आधीच्या वक्त्यांनी ताईंनी आखलेल्या हवेशीर खोल्यांचं कौतुक केलं. ते रास्तच आहे. मी मात्र एका बंद खोलीबद्दल बोलणार आहे. अध्यक्षांची परवानगी मी गृहीत धरतो. नाही दिली तरी बोलेन.

सत्याऐंशी साल. डोंबिवलीत विश्राम नावाचा गृहस्थ बंगला बांधत होता. पदवीधर, बँकेत नोकरीला, सोसायटीच्या गणपतीत आरतीला पुढे. ताईंच्या नकाशात पुढे हॉल, बाजूला दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर आणि त्याला परसात उघडणारं दार. भिंती उभ्या राहिल्या, चौकटी बसल्या, तेव्हा विश्रामने त्या दारावर बोट ठेवलं.

"हे बुजवा. बायको दिवसभर शेजारणींशी गप्पा छाटत बसेल."

"आणि आग लागली तर?" ताईंनी विचारलं.

"बाई, नकाशा तुमचा, घर माझं."

ताईंनी चौकट काढू दिली नाही. तिच्यात एकेरी विटा रचायला लावल्या, वर गिलावा. म्हणाल्या, "उद्या मन बदललं तर उघडता येईल."

तो हसला. "उघडणार कोण?"

श्रोतेहो, कोण ते सांगतो. त्याची बायको मालू, कोळीवाड्यातली. एकदा न विचारता माहेरी जाऊन आली, एवढाच गुन्हा. भरदुपारी त्याने तिला केसांना धरून हॉलमधून फरफटत स्वयंपाकघरात नेलं. ओट्याच्या कडेवर तिचं डोकं आपटलं. अंगावर रॉकेल ओतलं, काडी टाकली, बाहेरून कडी घातली आणि रेडिओ मोठा केला. शेजाऱ्यांनी नंतर सांगितलं, रेडिओ फार मोठा होता.

मालूने पेटतं लुगडं ओरबाडून फेकलं, पाण्याचा हंडा अंगावर उपडा केला आणि वरवंटा उचलला. बुजवलेल्या दाराच्या जागी भिंतीत खिळा टिकत नाही, हे तिला रोजच्या कामातून ठाऊक होतं. तिथेच तिने घाव घातले. गिलावा पडला, वीट हलली, भगदाड पडलं. ती परसात आली तेव्हा दंडाची कातडी लोंबत होती. आवाज ऐकून विश्राम घराला वळसा घालून आला.

"आत चल."

तिने वरवंटा त्याच्या गुडघ्यावर घातला. हाड मोडलं. कोर्टात त्याचा वकील म्हणाला, ही बाई हिंसक आहे.

मी या सभागृहाला विचारतो, हिंसक कोण? ती बाई, की जिच्या एकुलत्या एका दाराला बाहेरूनच कडी होती ती खोली? ती खोली आखून मागणारे आपणच ना? देवघराची दिशा विचारायला आपण चार ठिकाणी जातो. बाई जीव घेऊन पळेल कुठून, हे कुणी विचारतं?

विश्राम तुरुंगात गेला. मालू आज तिसऱ्या रांगेत बसली आहे. टाळ्या नकोत, तिला आवडत नाहीत. इथे ठाण्यातच, खोपटजवळ तिने स्वतःची खोली घेतली तेव्हा ताईंनी विचारलं, "मालू, ओटा कुठे, मोरी कुठे?"

"ताई, कडी आतून लावा. बाकी तुमी ठरवा."

ताई, तुमच्या हातून उभ्या राहिलेल्या घरांतलं मला तेच सर्वांत सुंदर वाटतं.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं नाही, त्याबद्दल ऋणी आहे. मंगल प्रसंगी रक्ताचं बोललो. कुणाचं मन दुखावलं असेल तर उदार होऊन पोटात घाला. फक्त घरी गेल्यावर स्वयंपाकघराची कडी कुठल्या बाजूला आहे, तेवढं पाहा.