टाकीवरची चादर

सासरे : टाकीला थंडी वाजतेय का? चादर पांघरलीस ती.

सून : बाबा, आधी बसा तरी. डोळ्यात थेंब घालायची वेळ झाली असेल.

सासरे : थेंब ताईने गाडीतच घातले. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून आठ दिवस लेकीकडे होतो, आठही दिवस ती बाटली घेऊन माझ्या मागे. आता नव्या डोळ्याने पहिल्यांदा काय बघणार मी? माझी माशांची टाकी. काढ ती चादर.

सून : डॉक्टरांनी झगझगीत उजेड नको म्हटलंय ना.

सासरे : म्हणून तर हा काळा चष्मा. सूनबाई, तुला खोटं बोलता येत नाही. लपवायचं असलं की बोटातली अंगठी फिरवत बसतेस. मला धड दिसत नव्हतं तेव्हाही हे दिसायचं.

सून : मासे सगळे ठीक आहेत.

सासरे : माशांचं मी अजून विचारलंच नाही.

सून : फुलकोबी पांढरी पडलीय, बाबा.

सासरे : आपली?

सून : आईंची. प्रवाळाला कुणी फुलकोबी म्हणतं का, म्हणून आपण हसायचो त्यांना. आता खरीच फुलकोबी दिसतेय. जांभळा गेला, हिरवा गेला, सगळा रंग गेला.

सासरे : कधीपासून?

सून : तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. सांगायलाही लाज वाटते. मला वाटलं, नव्या लाइटने उजळलीय. तुम्हाला फोनवर म्हटलंसुद्धा, फुलकोबी कशी गोरीपान झालीय.

सासरे : म्हणालीस खरी. मी ताईला कौतुकाने सांगितलं.

सून : काल लाइटवाल्या दुकानदाराला फोटो पाठवला. बघा म्हटलं, तुमच्या लाइटने किती शोभा आली. त्याने लगेच फोन केला. म्हणाला, वहिनी, ती उजळली नाही, उपाशी आहे. प्रवाळाच्या अंगात म्हणे बारीक शेवाळ राहतं. उजेडावर तेच त्याचं जेवण रांधतं, रंगही त्याचाच. उजेड एकदम वाढला की प्रवाळाला ते शेवाळ सोसत नाही, प्रवाळच त्याला बाहेर घालवतं. मग राहतं नुसतं पातळ कातडं आणि त्यातून दिसणारी हाडं.

सासरे : म्हणजे रांधणारीलाच घराबाहेर काढायचं. फुलकोबी मेली का?

सून : अजून नाही म्हणाला. उजेड अगदी कमी ठेवायचा, हात लावायचा नाही, चार-सहा महिने वाट बघायची. परतेल, नाहीतर नाही.

सासरे : आणि तू चादर घातलीस.

सून : लाइट बंद केला आणि चादर घातली. तुम्ही आज येणार होतात ना. काल कळल्यावरही तुमचा फोन आला तेव्हा म्हटलं, सगळं छान. जीभ कशी वळली कुणास ठाऊक.

सासरे : लाइट किती ठेवायचा होता?

सून : चूक माझीच आहे, बाबा. त्याने बसवतानाच बजावलं होतं, वीस टक्क्यांवर सुरू करा, आठवड्याला थोडा थोडा वाढवा. मी तीन दिवसांत शंभरवर नेला.

सासरे : का?

सून : असंच. हौस.

सासरे : अंगठी.

सून : बाबा, जाऊ द्या ना.

सासरे : खुर्ची टाकून इथे कोण बसायचं? अजून वाढव, अजून वाढव, कोण म्हणायचं?

सून : तुम्हाला वीसचं कुठे ठाऊक होतं? मी सांगायला हवं होतं. पण तुम्ही इतके खुशीत होतात. आई गेल्यापासून तुमच्या तोंडून 'वाढव' ऐकलं नव्हतं. ताटात वाढायला गेलं तरी हात आडवा.

सासरे : एक दृष्टांत ऐक.

सून : आत्ता दृष्टांत नको, बाबा. तुमचा सुरू झाला की माझी भाजी करपते.

सासरे : छोटाच आहे. एक घड्याळजी होता. केसाएवढी कमान भिंगाशिवाय बसवायचा. एक दिवस त्याने दुकान बंद केलं. म्हणाला, हल्ली मनगटाला घड्याळ कोण बांधतं?

सून : ते खरंच आहे की.

सासरे : गिऱ्हाइकं होती गं. त्याला कमान दिसेनाशी झाली होती. एका बाईंचं घड्याळ त्याने बिघडवून परत दिलं आणि वर त्यांनाच म्हणाला, तुम्ही पाण्यात भिजवलंत. माझ्या वडिलांचं आहे हो, म्हणाल्या त्या. तरी नाही कबूल केलं. घड्याळजी आणि डोळ्यांनी अधू, कुठल्या तोंडाने सांगायचं? मग घरी म्हणत राहिला, टाकीतली ट्यूब अंधुक झालीय. दोन वर्षं. पोरांनी हौसेने नवा लाइट आणला, तर तोही अंधुक. देवाने डोळ्यांवर सूचना दिली होती, हा दोष दिव्याला देत बसला.

सून : आम्हाला तर तुम्ही माशांचं खाणं चहात टाकलंत तेव्हा कळलं.

सासरे : आणि मी तो पिऊन टाकला, वर गंमत केली म्हणालो. दृष्टीचाच अंत आला होता, म्हणून हा दृष्टांत. जुनी ट्यूब चांगली होती, पोरी. तू एक दिवस चादर घातलीस, मी दोन वर्षं घालून बसलो. काढ आता.

(ती चादर ओढून काढते. सासरे काळा चष्मा काढून काचेपाशी वाकतात.)

सासरे : देवा. इतकी पांढरी.

सून : तुमच्याकडे बघवत नाही मला.

सासरे : माझ्याकडे नको, तिच्याकडे बघ. खाली, दगडाला टेकलीय तिथे. सावलीच्या बाजूला.

सून : काय आहे?

सासरे : तपकिरी ठिपका. नखाएवढा. तेवढं शेवाळ उरलंय. तुझ्या सासूने आणली तेव्हा एवढीच होती.

सून : मला नाही दिसत.

सासरे : काच पूस आधी. डोळे पण पूस.

सून : हो. आहे. काल मी इथेच बसून होते, मला नाही दिसला.

सासरे : उद्या माझ्याबरोबर येशील? त्या घड्याळवाल्या बाईंकडे जायचंय. एकट्याने पाऊल उचलणार नाही माझं.

सून : येईन.

सासरे : फोन दे. त्यावरून लाइट मी लावतो. किती म्हणाला तो आता?

सून : पंधरा.

सासरे : दिसतात आकडे. हे बघ, पंधरा.

सून : एवढ्या उजेडात दिसेल ना तुम्हाला? अंधुक नाही ना वाटत?

सासरे : अंधुक आहेच. पण आज टाकीच अंधुक आहे.